घरी थोरली, ऑफिसात कनिष्ठ

प्रश्न : माझं वय ४४. यजमान जिल्हा परिषदेत होते. ते अचानक गेले आणि अनुकंपा तत्त्वावर मला तिथेच कनिष्ठ सहाय्यक म्हणून नेमणूक मिळाली. लग्नानंतर इतकी वर्षं घरातच होते, त्यामुळे काम शिकायला वेळ लागतोय, पण जमतंय. माझ्यावरचे वरिष्ठ सहाय्यक २८ वर्षांचे आहेत. मी त्यांना ‘सर’ म्हणते, ते मला सगळ्यांदेखत ‘काकू’ म्हणतात. माणूस वाईट नाही, पण ऐकताना कसंसंच होतं. सासरी मी थोरली सून. यंदा सासूबाईंनी आग्रहच धरला म्हणून गौरी मीच उभ्या केल्या. तेव्हा धाकटी जाऊ पाहुण्यांसमोर म्हणाली, ‘आमच्या जाऊबाई घरात ज्येष्ठा, ऑफिसात कनिष्ठा!’ सगळे हसले. मीही हसले, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. मुलीने शब्दकोशात ‘कनिष्ठ’ काढला, तर ‘वयाने लहान’च्या पुढे ‘हलका, कमी प्रतीचा’ असाही अर्थ निघाला. ती म्हणाली, ‘आई, हे तुझ्या नावाखाली का लिहितात?’ मला उत्तर देता आलं नाही. हा शब्द मुळातच अपमानाचा आहे का? त्यापेक्षा ‘ज्युनिअर’ बरा का? आणि सरांशी, जावेशी मी कसं वागावं?

उत्तर : ताई,

मुलीला शब्दकोशात जे सापडलं ते बरोबर आहे. ‘कनिष्ठ’ला दोन्ही अर्थ आहेत, वयाने लहान आणि प्रतीने कमी, आणि दोन्ही फार जुने आहेत. तुम्हाला नेमकं काय लागलं ते कळायचं तर हे दोन अर्थ एका शब्दात कसे राहायला आले ते आधी बघावं लागेल. म्हणून थोडं व्याकरण सांगते. मुलीलाही शेजारी बसवून वाचा, कारण खरा प्रश्न तिने विचारला आहे.

संस्कृतात तुलना दाखवायला दोन प्रत्यय आहेत, ‘ईयस्’ आणि ‘इष्ठ’. दोघांतला अधिक कोण हे सांगायला ‘ईयस्’, सगळ्यांतला अधिक कोण हे सांगायला ‘इष्ठ’. गुरु म्हणजे जड, त्याचं गरिष्ठ. बलिष्ठ, श्रेष्ठ, पापिष्ठ हे सगळे याच घरातले. (म्हणून ‘कनिष्ठ’, ‘वरिष्ठ’ लिहिताना शेवटी ठ. ‘कनिष्ट’ असं सर्रास लिहिलं जातं, ते चूक आहे.) आता या प्रत्ययाआधी ‘कन्’ कुठून आला? पाणिनीच्या अष्टाध्यायीत पाचव्या अध्यायात एक छोटं सूत्र आहे : युवाल्पयोः कनन्यतरस्याम्. अर्थ असा, की ‘युवन्’ म्हणजे तरुण आणि ‘अल्प’ म्हणजे थोडा, या दोन्ही शब्दांना हे प्रत्यय लागताना त्यांच्या जागी विकल्पाने ‘कन्’ येतो. म्हणजे ‘सगळ्यांत तरुण’ म्हणायचं असेल तरी कनिष्ठ, आणि ‘सगळ्यांत थोडा’ म्हणायचं असेल तरी कनिष्ठच. दोन वेगळे शब्द एका रूपात येऊन मिळाले.

याच्या जरा आधीच ‘ज्येष्ठ’ची सूत्रं आहेत आणि तिथेही तोच प्रकार आहे. ‘वृद्ध’ आणि ‘प्रशस्य’, म्हणजे वयाने वाढलेला आणि स्तुतीला पात्र, या दोन्हींच्या जागी ‘ज्य’ येतो. सगळ्यांत वयस्क तो ज्येष्ठ, आणि सगळ्यांत वाखाणण्याजोगा तोही ज्येष्ठ. वय आणि मोठेपणा यांची गाठ भाषेने इतक्या पूर्वी मारली आहे. जो आधी जन्मला तो मोठा, म्हणून मानाचा. जो मागून आला तो लहान, म्हणून कमी. एकत्र कुटुंबात, जिथे वडील भाऊच कर्ता असे, तिथे हे दोन अर्थ वेगळे करायची कुणाला गरजच पडली नसेल. तुमच्या ऑफिसात मात्र ती गाठ सुटली आहे. वय एकीकडे गेलं आणि हुद्दा दुसरीकडे, शब्द मात्र तोच राहिला. तुमच्या पाटीवरचा ‘कनिष्ठ’ फक्त हुद्दा सांगतो, पण कानाला तो वयाचा आणि प्रतीचाही ऐकू येतो. तुमचं मन हळवं आहे म्हणून हे झालं असं समजू नका. शब्दातच ते तिन्ही आहेत आणि तुम्हाला ते ऐकू आले.

पण शब्दाची दुसरी बाजूही मुलीला दाखवा. हा ‘कन्’ आपल्या ओळखीच्या आणखी काही शब्दांत आहे. ‘कन्या’ त्यातलीच. ‘कनीनिका’ म्हणजे डोळ्यातली बाहुली, आणि कनीनिका म्हणजे लहान मुलगीही. तोलामोलाचा, प्रतीचा विचार या शब्दांच्या आसपासही नाही. आहे तो कोवळेपणा, नवेपणा. भाषांचं नातं शोधणारे अभ्यासक तर या ‘कन्’चा संबंध ग्रीकमधल्या ‘नवा’ या अर्थाच्या ‘काइनोस’शी लावतात. आणि वर सूत्रात ‘विकल्पाने’ असं म्हटलं, त्याचा अर्थ ‘युवन्’चं दुसरं रूपही होतं, ‘यविष्ठ’. ऋग्वेदात अग्नीला पुन्हा पुन्हा यविष्ठ म्हणून हाक मारली आहे, देवांमधला सगळ्यांत तरुण, कारण तो रोज नव्याने पेटवला जातो. त्या हाकेत कुठेही कमीपणा नाही. हव्य पोचवण्याचं मुख्य काम त्याच धाकट्याकडे आहे.

मग ‘हलका, कमी प्रतीचा’ हा अर्थ मराठीत इतका ठळक कशाने झाला? मला वाटतं, उत्तम-मध्यम-कनिष्ठ या तिकडीने. वस्तूंची प्रत लावायची, कामांची प्रत लावायची, माणसांचीही लावायची, तर या तीन पायऱ्या आपण सहज वापरतो. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण तर तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. इथे वयाचा काही संबंध उरत नाही. ‘कनिष्ठ’ म्हणजे सरळ सगळ्यांत खालचं. तुमच्या मनात ‘कनिष्ठ सहाय्यक’ वाचताना ही म्हण कुठेतरी वाजत असेल, तर ते साहजिक आहे. म्हणच मुळी नोकरीबद्दल आहे.

आता जोडीचा शब्द बघा. तुमच्या सरांच्या पदापुढे ‘वरिष्ठ’ आहे. आपण वरिष्ठ-कनिष्ठ ही जोडी इतकी घोटली आहे की ती जन्मजात वाटते. ती तशी नाही. ‘कनिष्ठ’ची खरी जोडीदार ‘ज्येष्ठ’. ‘वरिष्ठ’ व्याकरणाने ‘उरु’ या शब्दापासून येतो, आणि उरु म्हणजे रुंद, विस्तीर्ण. सगळ्यांत विस्तीर्ण तो वरिष्ठ. त्याच्या जोडीला ‘वर’ म्हणजे उत्तम हा शब्द कानात होताच, त्यामुळे मोठ्या पदासाठी तो सहज रुळला. पण त्यात वय अजिबात नाही. म्हणजे एका टेबलावर वयाचा मागमूस नसलेला शब्द ठेवला गेला आणि दुसऱ्या टेबलावर वयाने ओथंबलेला. तुमच्या सरांना ‘वरिष्ठ’ म्हणताना कुणाला त्यांचं वय आठवत नाही. तुम्हाला ‘कनिष्ठ’ म्हणताना मात्र तुमचं वय आडवं येतं. जोडी विजोड आहे, आणि तिचा भार खालच्या पायरीवरच्या माणसाने सोसायचा अशी ती रचना झाली आहे.

माझं स्पष्ट मत सांगते. पदनामात ‘कनिष्ठ’ हा शब्द घातला ही फारशी चांगली निवड नव्हती. मराठी कारभारात याहून साधे शब्द होते. अव्वल आणि दुय्यम घ्या. एक अरबीतून आला, एक फारसीतून, आणि अर्थ फक्त पहिला आणि दुसरा. दुय्यम निबंधक म्हटलं की कुणाला त्या माणसाची प्रत कमी वाटत नाही. महसूल खात्याने लिपिकाला ‘महसूल सहायक’ म्हणायला सुरुवात केली, अव्वल कारकुनाला ‘सहायक महसूल अधिकारी’. नावं बदलता येतात आणि बदलली जातात. त्यामुळे हा शब्द तुम्हाला आवडलाच पाहिजे असं मी मुळीच म्हणणार नाही. सेवेतल्या संघटनेत कधी पदनामाचा विषय निघाला तर तुमचं मत जरूर मांडा.

‘ज्युनिअर’ बरा का, असं तुम्ही विचारलंत. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो ‘कनिष्ठ’चा चुलत भाऊच आहे. लॅटिनमध्ये ‘युवेनिस’ म्हणजे तरुण, त्याचं ‘अधिक तरुण’ हे रूप ‘युनिओर’, त्याचा आपला ज्युनिअर. हा युवेनिस आणि आपला युवन् एकाच मुळाचे. संस्कृतात ‘अधिक तरुण’साठी ‘यवीयस्’ आहे, तो आणि ज्युनिअर म्हणजे एकाच शब्दाची दोन घराण्यांतली रूपं. आणि ‘सिनिअर’? लॅटिन ‘सेनेक्स’ म्हणजे म्हातारा, त्याचं पुढचं रूप. त्याच्या मुळाशी जे आहे तेच संस्कृतातल्या ‘सन’ म्हणजे जुना या शब्दात आहे, म्हणजे आपल्या ‘सनातन’मध्ये. विद्यापीठाच्या अधिसभेला सिनेट म्हणतात, तीही मुळात वृद्धांची सभा.

यातली एक गोष्ट तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. प्राचीन रोममध्ये सैन्यासाठी आणि मतदानासाठी पुरुषांचे दोन गट केलेले असत. १७ ते ४५ वर्षांचे ते ज्युनिअर, ४६ ते ६० वर्षांचे ते सिनिअर. ज्युनिअरांनी बाहेर जाऊन लढायचं, सिनिअरांनी शहर राखायचं. बायका या हिशेबात नव्हत्या, पण वय धरलं तर ४४ व्या वर्षी माणूस तिथे ज्युनिअरच गणला जाई, आणि रणांगणावरचं काम त्याच्याकडे असे. शब्द तयार झाला तेव्हा त्याचा अर्थ ‘ज्याच्याकडून अजून कामाची अपेक्षा आहे तो’ असा होता. पुढे कचेऱ्यांनी त्याला पगाराच्या पायरीवर नेऊन बसवलं. तेव्हा कनिष्ठच्या जागी ज्युनिअर म्हटल्याने अर्थ बदलणार नाही. कानाला जरा सौम्य लागेल इतकंच, कारण तो शब्द परका आहे आणि आपल्या म्हणींमध्ये शिरलेला नाही. बोलताना हवा तर खुशाल वापरा. कागदावर मात्र पदनाम आहे तसंच लिहा, ते तुमच्या नेमणुकीच्या आदेशातलं नाव आहे.

आणि ज्या ‘सर’ने तुम्ही त्यांना हाक मारता तो? तोही याच लॅटिन सिनिअरमधून, फ्रेंचमार्गे घासत घासत इंग्रजीत आलेला. मूळ अर्थ ‘वयाने वडील’. रोज हजारो माणसं आपल्याहून लहान माणसाला ‘सर’ म्हणतात आणि कुणाच्याही मनात वय येत नाही. त्या शब्दातलं वय वापरून वापरून पुसून गेलं. ‘कनिष्ठ’मधलं अजून पुसलं गेलेलं नाही, एवढाच दोघांत फरक.

आपल्याच इतिहासात वय आणि पद वेगळं झाल्याचं एक मोठं उदाहरण आहे. ज्यांना आपण ‘थोरले माधवराव’ म्हणतो ते सोळाव्या वर्षी पेशवे झाले, १७६१ मध्ये, पानिपतानंतर, आणि १७७२ मध्ये गेले तेव्हा त्यांचं वय होतं सत्तावीस. तुमच्या सरांपेक्षाही लहान. ‘थोरले’ हे विशेषण त्यांना वयामुळे मिळालं नाही. पुढे सवाई माधवराव झाले म्हणून आधीचे ते थोरले. थोरले बाजीरावही तसेच. ते चाळिशीच्या आत गेले, आणि दुसरे बाजीराव शहात्तर वर्षं जगले तरी थोरले झाले नाहीत. माधवरावांच्या दरबारात त्यांचे काका राघोबादादा होते. वयाने अकरा वर्षांनी मोठे, मोहिमा गाजवलेले, आणि पदाने पुतण्याच्या खाली. काकांना ते शेवटपर्यंत पचलं नाही. १७६२ मध्ये आळेगावला पुतण्याने माघार घेऊन काकांच्या छावणीत जाणं पसंत केलं, पण भांडण मिटलं नाही. अखेर १७६८ मध्ये धोडपला लढाई होऊन काका नजरकैदेत गेले. तुमचं राघोबादादांशी काहीही साम्य नाही, तुम्हाला कुणाची गादी नको आहे. मला एवढंच दाखवायचं आहे, की वयाने मोठ्या माणसाने लहान माणसाच्या हाताखाली काम करणं भल्याभल्यांना जड गेलं आहे. ‘मला एवढं कशाला लागावं’ असं म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

याच्या उलट, ‘धाकटा’ म्हणजे कमी नव्हे हेही आपल्याकडे व्यवस्थेत दिसतं. मिरज, कुरुंदवाड आणि माळव्यातलं देवास, या संस्थानांच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा वाटण्या झाल्या. देवासला तर दोन पवार भावांच्या दोन गाद्या एकाच शहरात नांदत होत्या, आणि इंग्रजी अमदानीत दोन्ही पात्यांना तोफांची सलामी सारखीच होती, पंधरा. आजचं बघायचं तर लोकसभेला कनिष्ठ सभागृह म्हणतात आणि राज्यसभेला वरिष्ठ. उभं राहायला लोकसभेसाठी किमान वय २५, राज्यसभेसाठी ३०. पण मंत्रिमंडळ जबाबदार कुणाला? लोकसभेला. धनविधेयक मांडलं जातं लोकसभेतच, आणि राज्यसभेला ते चौदा दिवसांत परत करावं लागतं. देशाच्या तिजोरीची किल्ली ‘कनिष्ठ’ सभागृहाकडे आहे हे मुलीला नक्की सांगा. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तिला ते सापडेल.

आता माणसांकडे येते.

आधी सर. तुम्ही त्यांना हुद्द्याने हाक मारता आणि ते तुम्हाला वयाने, हे तुमच्या लक्षात आलं आहे का? दोघांची मापं वेगळी आहेत, आणि दोन्ही मापांनी तोटा तुमचाच होतो. हुद्द्याने तुम्ही खाली, आणि हाक वयाची, तीही ज्यातून ‘तुम्हाला आता कामातलं काय कळणार’ असा वास येऊ शकतो अशी. त्यांच्या मनात तसं नसेलही. मला तर वाटतं, त्यांना शब्द सापडत नाही. सोळा वर्षांनी मोठ्या बाईला नावाने हाक मारणं त्यांच्या वळणात नसणार, आणि मॅडम आपण वरच्यांसाठी राखून ठेवलं आहे. मग घरातला आदराचा शब्द त्यांनी ऑफिसात आणला. म्हणून रागावून नको, पण सांगा नक्की. चारचौघांत सांगू नका. एखादी फाईल घेऊन गेलात आणि खोलीत दोघेच असलात की शांतपणे म्हणा, ‘सर, एक विनंती होती. ऑफिसात मला आडनावाने मॅडम म्हणाल तर मला काम करायला बरं वाटेल.’ मॅडम तुम्हालाच अवघड वाटत असेल तर ‘ताई’ म्हणायला सांगा. जिल्हा परिषदेत ताई हा शब्द सगळ्या वयांत चालतो आणि त्यात बरोबरी आहे. कारणं देऊ नका, माफी मागू नका. पुढचे काही दिवस त्यांच्या तोंडून जुनी हाक निघेल. तेव्हा फक्त एकदा हसून आठवण करा.

आणि तुमच्या बाजूनेही एक पथ्य पाळा. ‘तुम्ही माझ्या धाकट्या भावासारखे’ हे वाक्य ऑफिसात कधीच उच्चारू नका, प्रेमानेही नाही. एकदा का तुम्ही वय मध्ये आणलंत की ‘काकू’ला आक्षेप घ्यायची जागा तुम्हीच घालवलीत. टिपणी चुकली, शेरा आला, तर तो वरिष्ठ सहाय्यकाचा शेरा आहे, २८ वर्षांच्या मुलाचा नाही. नोंदवही कशी ठेवायची, प्रकरण कसं सादर करायचं, हे त्यांना तुमच्यापेक्षा आज जास्त येतं. निःसंकोच विचारा. घर सांभाळताना माणसं, पैसा आणि वेळ यांची जी समज तुम्हाला आली ती त्यांच्याकडे अजून नसेल. ती कामात आपोआप दिसेल, सांगावी लागणार नाही.

जावेचं प्रकरण वेगळं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. ऑफिसातला शब्द निदान कुणी तुम्हाला दुखवायला लिहिलेला नाही. तिने मात्र दोन शब्द शोधून, जुळवून, लोकांसमोर टाकले. कदाचित नुसता शब्दखेळ सुचला म्हणून, कदाचित मनात दुसरं काही असेल. मी अंदाज बांधणार नाही, तुम्हीही बांधू नका. पण ज्या गौरींच्या नावावर तिने कोटी केली त्या गौरींचं तरी तिला नीट ठाऊक आहे का? गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, त्यांचं पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर होतं आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. ‘ज्येष्ठा गौरी’ हे नाव त्या नक्षत्राचं. जिथे दोन मुखवटे असतात तिथे एक ज्येष्ठा आणि दुसरी तिची धाकटी बहीण कनिष्ठा. दोघींना सारखं नेसवतात, सारखं सजवतात, नैवेद्य दोघींपुढे सारखा मांडतात. कनिष्ठेच्या पानात एक पुरणपोळी कमी वाढलेली तुम्ही कधी पाहिली आहे? त्या पूजेत ‘कनिष्ठा’ म्हणजे दुसरी बहीण, बस्स.

आणि त्या दिवसातली तुमच्या सासूबाईंची गोष्ट तुम्ही पत्रात एका ओळीत सांगून पुढे गेलात, मी तिथे थांबले. नवरा गेलेल्या बाईला गौरीच्या कामातून हळूच बाजूला करणारी घरं अजून पुष्कळ आहेत. तुमच्या सासूबाईंनी ते केलं नाही. आग्रह धरून गौरी तुमच्या हातून उभ्या करवल्या. घरातलं तुमचं थोरलेपण कुणाच्या कोटीवर अवलंबून नाही हे त्यांनी पाहुण्यांसमोर करून दाखवलं. त्या बाईंना तुम्ही एकदा सांगा, की मला तुमचं ते फार बरं वाटलं.

जावेला उलट टोमणा मारू नका, तो तयार असला तरी. एकदा दोघीच स्वयंपाकघरात असताना म्हणा, ‘तू त्या दिवशी बोललीस ते मला लागलं. पाहुण्यांसमोर माझ्या नोकरीवरून पुन्हा बोलू नकोस.’ एवढंच. ‘गंमत केली’ असं ती म्हणेल. ‘असेल, पण मला लागलं’, इथे थांबा. गौरीचं आणि पाणिनीचं सगळं तिला ऐकवायची गरज नाही. ते तुमच्यासाठी आणि मुलीसाठी आहे.

मुलीला काय सांगायचं? जे आहे ते. शब्दकोश खोटं बोलत नाही, पण एका शब्दाचे सगळे अर्थ सगळीकडे लागू होत नाहीत. माझ्या पदनामात तो शब्द फक्त पायरी सांगतो. माझ्या आधी जे लागले, परीक्षा देऊन जे वर गेले, त्यांची पायरी वरची. मी आत्ता आले, माझी पहिली पायरी. यात माझं वय मोजलेलं नाही आणि माझी प्रतही नाही. तिला हेही सांगा, की बाबांच्या जागी मिळालेली असली तरी ही नोकरी टिकवायची तुझ्या आईला स्वतःच्या कामावर आहे. मुलींना असं सरळ सांगितलेलं कळतं.

टिकवण्याचं म्हटलं म्हणून आता कामाचं. तुमच्या नेमणुकीच्या आदेशात टंकलेखनाची आणि संगणक परीक्षेची अट आणि तिची मुदत लिहिलेली असेल. तो आदेश आजच काढून पुन्हा वाचा. मराठीचं मिनिटाला ३० शब्दांचं किंवा इंग्रजीचं ४० शब्दांचं प्रमाणपत्र हातात नसेल तर क्लास ताबडतोब लावा, मुदत संपत आल्यावर नव्हे. आणि सरकारी नोकरीत ज्या एका कागदावर ‘ज्येष्ठ’ शब्दाला खरी किंमत आहे तो म्हणजे संवर्गाची ज्येष्ठता यादी. बढती तिच्यावरून होते. आधी तात्पुरती यादी प्रसिद्ध होते, तिच्यावर हरकती मागवतात, मग अंतिम यादी लागते. तात्पुरती यादी आली की स्वतःचं नाव शोधा. जन्मतारीख, नेमणुकीची तारीख, रुजू झाल्याची तारीख, तिन्ही आपल्या सेवापुस्तकाशी ताडून बघा. एखादी तारीख चुकली असेल तर तोंडी सांगून येऊ नका. दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या, सोबत आदेशाची प्रत जोडा, आणि आवक शाखेचा शिक्का मारलेली पोच आपल्याकडे ठेवा.